मिर्याम आत येईपर्यंत

सलाम.

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मंडळीच्या खजिनदारांनी बांधकाम निधीतले पैसे घरच्या अडचणीत वापरले. हिशेब तपासताना ते उघडकीस आलं. त्यांनी कबूल केलं आणि सहा महिन्यांत सगळी रक्कम भरली. कमिटीने त्यांना पदावरून काढलं आणि त्यांचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत मिळणारी भाकर आणि द्राक्षरस, बंद केलं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. ते दर रविवारी येतात, मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वादाच्या आधीच उठून जातात. कमिटीतले अर्धे म्हणतात, झालं गेलं, आता घ्या त्यांना, आणि हिशेबही पुन्हा त्यांच्याकडेच द्या, कारण तेवढा नीट हिशेब दुसऱ्या कुणाला जमत नाही. बाकीचे अर्धे म्हणतात, वाहिलेल्या लुटीतलं चोरणाऱ्या आखानाचं काय झालं ते वाचा. जुना करार यावर नेमकं काय सांगतो, असं मंडळीच्या चिटणीसांनी विचारलं आहे.

मी बरीच वर्षं जुना करार शिकवला, आणि पाळक म्हणून अशा बैठकांना इतक्यांदा बसलो की त्यांतल्या चहाची चवही लक्षात आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगतो, तुमचे दोन्ही गट चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. 'क्षमा करायची की शिक्षा ठेवायची' हा प्रश्न इब्री (हिब्रू) शास्त्रलेख अशा शब्दांत मांडतच नाहीत. बाहेर काढलेल्या माणसाबद्दल त्यांची विचारपूस वेगळी असते. किती दिवसांसाठी काढलं? त्याला आणायला कोण जाणार? परत आल्यावर तो कुठे बसणार? तुमच्या प्रोसिडिंग बुकात या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नसणार, अशी माझी खात्री आहे. खात्री का, ते पुढे सांगतो.

सुरुवात गणना या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायापासून करू. मिर्याम आणि अहरोन आपल्या भावाविरुद्ध, मोशेविरुद्ध बोलतात. निमित्त त्याच्या कूशी बायकोचं, पण खरं दुखणं 'परमेश्वर काय फक्त मोशेशीच बोलतो?' हे. मिर्यामेच्या अंगावर कोड फुटतं, ती बर्फासारखी पांढरी पडते. (अहरोन सुटतो. का, हे मजकूर सांगत नाही, आणि माझ्या वर्गातल्या मुलींनी हा प्रश्न दरवर्षी विचारला. विचारायलाच हवा होता.) ज्याच्याविरुद्ध ती बोलली तोच मोशे तिच्यासाठी प्रार्थना करतो. इब्रीत ती प्रार्थना अवघ्या पाच शब्दांची आहे: एल ना रफा ना ला. देवा, बरं कर ना तिला. आणि उत्तर येतं ते मुदतीचं. बाप मुलीच्या तोंडावर थुंकला असता तर ती सात दिवस लाजेने बाहेर राहिली नसती का? मग ही सात दिवस छावणीबाहेर राहू दे, त्यानंतर तिला आत घ्यावं.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. उपदेशात जे सुटतं ते पुढच्या वचनात आहे. मिर्यामेला आत घेईपर्यंत लोकांनी कूच केलं नाही. अख्खी छावणी, गुरंढोरं, लेकरं, कराराचा कोश, सगळं हसेरोथाला थांबलं, एका बाईसाठी. म्हणजे शिक्षा एकटीची होती, पण सात दिवस सगळ्यांचेच गेले. तिला मागे सोडून पुढे जायचं आणि 'बरी झालीस की गाठ आम्हाला' असं म्हणायचं, हा पर्यायच तिथे नाही. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या सोटा या भागात रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, याला एक सुंदर जोड दिली आहे: लहानपणी नाईलच्या काठी, लव्हाळ्यात ठेवलेल्या भावाचं काय होतं हे बघत मिर्याम तासभर थांबली होती, म्हणून पुढे इस्राएल तिच्यासाठी सात दिवस थांबला.

इब्री क्रियापदही बघा. ती 'आत आली' असं म्हटलेलं नाही, ती 'आत घेतली गेली' असं आहे. धातू आहे आसाफ, म्हणजे गोळा करणं, वेचून आत घेणं, शेतातलं पीक घरात आणावं तसं. येण्याचं काम तिच्यावर सोडलेलं नाही. ते आणणाऱ्यांचं आहे. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

रब्बींच्या काळात हेच सात दिवस नियम झाले. तल्मुदातल्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या संग्रहातल्या, मोएद कातान या भागात समाजाच्या शिस्तीच्या पायऱ्या दिल्या आहेत. सौम्य ठपका, नेझिफा, सात दिवसांचा, आणि आधार म्हणून मिर्यामेचं हेच वचन दिलं आहे. त्याच्या वरची पायरी निद्दुई, तीस दिवसांची. बाबेलात तर त्यांनी मुदती आणखी कमी केल्या, ठपका एका दिवसाचा आणि निद्दुई सात दिवसांची. त्याहून कडक हेरेमही (पूर्ण बहिष्कार) होता, पण तो सगळं थकल्यावरचा. मुदतीशिवाय बाहेर ठेवायचं आणि विसरून जायचं, ही पायरी त्या यादीत नाही.

आता याची उलटी बाजू. 2 शमुवेल 13 आणि 14 मी प्रत्येक नव्या कमिटीला वाचायला लावत असे. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. दाविदाला हे कळतं, तो फार संतापतो, आणि करत काहीच नाही. ग्रीक भाषांतरात इथे एक जास्तीचं वाक्य आहे: अम्नोन थोरला आणि लाडका म्हणून त्याने त्याचं मन दुखवलं नाही. तामार आपला सख्खा भाऊ अबशालोम याच्या घरी उजाड होऊन राहते. दोन वर्षं अशीच जातात, आणि मग अबशालोम मेंढरं कातरण्याच्या मेजवानीत अम्नोनाला मारवून गशूरला पळून जातो.

तीन वर्षांनी दाविदाचा सेनापती यवाब तकोवाच्या एका चतुर बाईला राजापुढे उभी करतो. तिने राजाला जे सांगितलं ते मला जुन्या करारातल्या सगळ्या शिस्तविचाराच्या मुळाशी असल्यासारखं वाटतं. आपण सगळे मरणारच आहोत, जमिनीवर सांडलेल्या आणि पुन्हा गोळा न करता येणाऱ्या पाण्यासारखे. पण घालवून दिलेला माणूस कायमचा दूर राहू नये, म्हणून देव युक्त्या योजतो. 'गोळा न करता येणाऱ्या' या ठिकाणी तोच धातू आहे, आसाफ. मिर्याम गोळा केली गेली. पाण्याचं तसं होत नाही, त्याला वेळ गेली की गेली.

दाविदाला ते पटतं. तो अबशालोमाला परत आणवतो, पण सांगतो, त्याने आपल्या घरी जावं, माझं तोंड पाहू नये. मग वाक्य येतं: अबशालोम यरुशलेमेत दोन वर्षं राहिला, पण राजाचं तोंड त्याने पाहिलं नाही. तामारेनंतरच्या गप्प दोन वर्षांना आणि या दोन वर्षांना इब्रीत शब्द एकच आहेत, श्नातायिम यामिम, पुरती दोन वर्षं. लिहिणाऱ्याने ते सहज लिहिलं असेल असं मला वाटत नाही. गावात आहे पण दारात नाही, शिक्षाही नाही आणि क्षमाही नाही. शेवटी अबशालोम यवाबाचं जवाचं शेत पेटवून देतो, तेव्हा कुठे त्याला भेट मिळते. राजा त्याचा मुका घेतो. बोलणं काय झालं? मजकुरात एक शब्द नाही. तामारेचं नाव नाही, अम्नोनाचं नाव नाही, कबुली नाही. पुढच्याच अध्यायात अबशालोम रथ, घोडे आणि पुढे धावणारी पन्नास माणसं ठेवतो, आणि वेशीपाशी उभा राहून बापाची प्रजा फोडायला लागतो.

तुमच्या खजिनदारांना मी अबशालोम म्हणत नाही. ते बिचारे मागच्या बाकावर बसतात, कुणाचं शेत पेटवत नाहीत. पण 'यरुशलेमेत आहे आणि तोंड दिसत नाही' ही त्यांची अवस्था तुम्ही निर्माण केली आहे, आणि तिलाही दोन वर्षं झाली आहेत.

आता पैशाकडे येतो, कारण तिथे नियमशास्त्र फार स्पष्ट आहे आणि आपण ते वाचत नाही. लेवीय 6 च्या सुरुवातीला (इब्री प्रतींत हीच वचनं पाचव्या अध्यायाच्या शेवटी आहेत) आणि गणना 5 मध्ये, ठेव म्हणून दिलेल्या वस्तूत अफरातफर करणाऱ्याबद्दल सांगितलं आहे. त्याने कबुली द्यावी, मूळ रक्कम पुरी भरावी, वर एक पंचमांश घालावा आणि ज्याची त्याला द्यावी. हे सगळं दोषार्पणाच्या दिवशीच. म्हणजे वेदीकडे जाणारी वाट मालकाच्या दारावरून जाते. मेंढा नेला की पैशाचं नंतर बघू, असं चालत नाही. मालक मेला असेल आणि जवळचा नातलगही नसेल तर ती रक्कम याजकाकडे जाते, पण भरावी लागतेच.

हा पंचमांश आपणहून कबुली देणाऱ्याला आहे. निर्गम 22 मध्ये पकडलेल्या चोराला दुप्पट भरावी लागते, आणि मेंढरू विकलं किंवा कापलं असेल तर चौपट, बैलाला पाचपट. एक लाखावर वीस हजार आणि एक लाखावर आणखी एक लाख, यातला फरक बघा. नियमशास्त्राने स्वतःहून बोलणाऱ्याला मुद्दाम मोठी सवलत ठेवली आहे. तुमच्या प्रकरणात हिशेब तपासणीत सापडल्यावर कबुली आली, म्हणजे ते मधल्या जागेत आहेत. मी दुप्पट मागा असं सांगणार नाही, आपण काही मोशेचं न्यायालय चालवत नाही. पण मूळ रकमेवर काहीच न देता 'पैसे भरले, विषय संपला' हेही पुरेसं नव्हतं. पंचमांश म्हणजे दंड म्हणण्यापेक्षा, ज्यांचा विश्वास गेला त्यांना हातात दिसेल असं काहीतरी. त्यांची ऐपत नसेल तर हप्ते करा. लेवीय 14 मध्येही गरिबासाठी अर्पणं कमी केली आहेत, कोकरांच्या जागी होले किंवा पारव्याची पिल्लं चालतात. मात्र दोषार्पणाचं एक कोकरू त्यालाही सुटलेलं नाही. सवलत आहे, पण सगळंच माफ नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. मंडळीचा निधी नोंदणीकृत ट्रस्टचा असेल तर हिशेबाची आणि कायद्याची जबाबदारी विश्वस्तांवर आहे, आणि प्रभुभोजन सुरू केल्याने ती मिटत नाही. ते काम आधी सरळ करून घ्या. आणि प्रकरण पैशाचं नसून लहान मुलाशी दुर्वर्तनाचं असेल, तर कमिटीची बैठक बोलावू नका, पोलिसांत जा. 2012 चा पोक्सो कायदा कळवणं बंधनकारक करतो. तामारेच्या वेळी दाविदाने प्रकरण घरातल्या घरात ठेवलं, त्याची फळं वर वाचलीतच.

आता परत येण्याचा विधी. लेवीय 14 आपल्याकडे कुणी वाचत नाही, कारण रक्त आणि पक्षी आले की पान उलटलं जातं. जुन्या मराठी भाषांतरांनी तर 'महारोग' शब्द घालून आणखी नुकसान केलं. इब्री शब्द आहे त्साराअत. तो कपड्याला होतो, घराच्या भिंतीलाही होतो, तेव्हा आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो तो हा नव्हे. आणि लेवीयात कुठेही असं म्हटलेलं नाही की ज्याला हा झाला त्याने पाप केलं. मिर्यामेच्या गोष्टीवरून रब्बींनी तसा संबंध जोडला, ते वेगळं. मी हा अध्याय इथे आणतो तो एवढ्यासाठीच की बाहेर काढलेला माणूस आत कसा आणायचा याचं इतकं तपशीलवार वर्णन दुसरीकडे कुठेच नाही.

पहिलीच सूचना: याजकाने छावणीबाहेर जावं. रोगी आत येऊ शकत नाही, म्हणून याजकच उठतो आणि जातो. तिथे दोन पक्षी. एक वाहत्या पाण्यावर, मातीच्या भांड्यात मारायचा, दुसरा त्या रक्तात बुडवून मोकळ्या रानात सोडून द्यायचा. गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत, एजोब नावाचं झुडूप. मग त्या माणसाने कपडे धुवायचे, केस काढायचे, आंघोळ करायची, आणि छावणीत यायचं, पण सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहायचं. हे मधले सात दिवस मला फार शहाणपणाचे वाटतात. तो आत आहे, लोकांना दिसतो आहे, लोक त्याची सवय करून घेत आहेत, पण सगळं एकदम पूर्ववत झाल्याचं नाटक नाही. आणि मुदत ठरलेली आहे. आठव्या दिवशी तो दर्शनमंडपाच्या दाराशी उभा राहतो. याजक दोषार्पणाचं रक्त त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो, आणि त्यावर तेल.

ही तीन ठिकाणं ओळखीची वाटतात ना? लेवीय 8 मध्ये अहरोन आणि त्याच्या मुलांना याजकपदाची दीक्षा देताना रक्त याच तीन ठिकाणी लावलं होतं. म्हणजे गावाबाहेर 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडत राहिलेल्या माणसाला परत घेताना, मुख्य याजकाला जे झालं होतं तेच केलं जातं. त्याला मागच्या दाराने घेतलेलं नाही. एक्कावन्नावं स्तोत्र वाचताना एजोबाचा उल्लेख आला की मला हाच अध्याय आठवतो. नाथान संदेष्टा दाविदाकडे येऊन गेल्यावरचं स्तोत्र, असं त्याचं शीर्षक आहे. राजा स्वतःसाठी मागतो ते छावणीबाहेरच्या रोग्याचं शुद्धीकरण.

पण याचा अर्थ चाव्याही परत द्यायच्या का? इथे तुमच्या पहिल्या गटाला माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि तेही शास्त्रलेखातूनच. इ.स.पू. 622 च्या सुमारास योशीया राजाने उच्च स्थानं, म्हणजे यरुशलेमेबाहेरची पूजास्थानं, मोडली, तेव्हा तिथल्या याजकांचं काय करायचं हा प्रश्न आला. 2 राजे 23 सांगतं, ते यरुशलेमेतल्या परमेश्वराच्या वेदीकडे चढून आले नाहीत, पण आपल्या भाऊबंदांबरोबर बेखमीर भाकर खात. भाकर मिळाली, वेदी मिळाली नाही. यहेज्केल 44 मध्ये बहकलेल्या लेव्यांबद्दल हेच आहे: मंदिराच्या दारांवर पहारा करावा, लोकांची सेवा करावी, पण याजक म्हणून जवळ येऊ नये. पंक्तीत घेणं आणि पदावर बसवणं, या दोन गोष्टी जुना करार वेगळ्या ठेवतो. आपण त्या एकात कालवतो, आणि मग अर्धे लोक पद द्यायला नको म्हणून पंक्तही अडवतात, बाकीचे पंक्त द्यायची म्हणून पदही देऊन टाकतात. तुमच्या मंडळीत नेमकं हेच चाललं आहे. मिर्यामेचंही बघा. त्या सात दिवसांनंतर ती पुन्हा पुढे होऊन बोलताना दिसत नाही, पुढे थेट कादेशात तिच्या मरणाची नोंद येते. पण मीखा 6 मध्ये, शेकडो वर्षांनी, परमेश्वर म्हणतो, तुमच्यापुढे मी मोशे, अहरोन आणि मिर्याम यांना पाठवलं. आणि अनुवाद 24 म्हणतं, मिर्यामेचं काय झालं ते आठवा. दोन्ही आठवणी राहिल्या, एकीने दुसरीला पुसलं नाही.

उत्तम हिशेब येतो म्हणून तिजोरी द्यायची, हा युक्तिवाद तर मला कळतच नाही. हिशेब उत्तम येत होता म्हणूनच आधी कुणाला कळलं नसेल. आणि तुम्ही त्यांना ज्या परीक्षेत टाकाल ती त्यांच्या बायकोमुलांवर अन्याय आहे.

आता आखान. यहोशवा 7 वाचून दाखवणाऱ्यांना माझा नेहमी एकच प्रश्न असतो, होशेय वाचलात का? आखानाने यरीहोच्या लुटीतून शिनारी झगा, दोनशे शेकेल रुपं आणि पन्नास शेकेलची सोन्याची वीट लपवली, आणि अखोरच्या खोऱ्यात त्याला दगडमार झाला. ती युद्धातल्या, परमेश्वराला वाहिलेल्या वस्तूची बाब होती. लेवीय आणि गणना यांत ठेवीच्या अफरातफरीला जो नियम आहे तो पंचमांशाचा, दगडांचा नव्हे. तुमच्या प्रकरणाला लागू पडेल असा सरळ नियम शेजारी असताना उडी मारून आखानाकडे का जायचं? बहुतेक वेळा राग आधी ठरलेला असतो आणि वचन नंतर शोधलं जातं. आणि त्याच खोऱ्याबद्दल होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, अखोरचं खोरं मी आशेचं द्वार करीन. ज्यांना आखान पाठ आहे त्यांना हे वचनही पाठ असायला हवं.

एज्रा 10 मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तिथेही बाहेर काढणं आहे, तीन दिवसांत न आलेल्याची मालमत्ता जप्त करणं आहे, पण बायकामुलांना पाठवून देण्याच्या त्या अध्यायात परत आणणं नाही. तो वाचून मला आजही अस्वस्थ वाटतं, आणि त्यावरून मंडळीची शिस्त शिकवू नये असं माझं मत आहे.

शिक्षेच्या मापाबद्दल मात्र अनुवाद 25 जरूर वाचा. फटक्यांची कमाल मर्यादा चाळीस, त्याहून जास्त मारले तर तुझा भाऊ तुझ्या नजरेत तुच्छ ठरेल. रब्बींनी चूक होऊ नये म्हणून एकोणचाळीसवर थांबवलं, आणि माणूस किती सोसू शकेल हे आधी तपासायला लावलं. मिश्नात, मक्कोथच्या शेवटी, रब्बी हनन्या बेन गमलिएल यांचं निरीक्षण आहे: फटके बसले की तो तुझा भाऊ झाला. मजकुरात सुरुवातीला त्याला 'दुष्ट' म्हटलं आहे आणि शेवटी 'तुझा भाऊ'. शिक्षा संपली त्या क्षणी त्याचं नाव बदलतं. आणि बाबा मेत्सिया या भागात, व्यापारातल्या फसवणुकीच्या शेजारीच, नियम आहे की पश्चात्ताप केलेल्याला 'तुझी आधीची कृत्यं आठव' असं म्हणू नये. मापात मारणं आणि शब्दात मारणं त्यांनी एका पंक्तीला बसवलं. तुमच्या महिला मंडळाच्या सहलीत काय बोललं जातं, हे मला माहीत नाही, पण अंदाज आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांत योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दरफाळणीचा सण म्हणत, दारं लावून घेण्याचा दिवस. दिवसभर उपास, बाहेरच्याशी संबंध नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दारं उघडत, माणसं एकमेकांकडे जात, दानधर्म होई. दार लागण्याला आणि उघडण्याला, दोन्हींना पंचांगात तारीख होती. योमा या भागातला मिश्नाचा नियमही त्याच दिवसाचा: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचं प्रायश्चित्त तो दिवस करतो, माणसामाणसांतल्या पापाचं करत नाही, जोवर त्याने शेजाऱ्याची समजूत काढलेली नाही.

मला ही तारखेची गोष्ट इतकी का लागली ते सांगतो. तरुण असताना मी एका मंडळीच्या कमिटीचा चिटणीस होतो. एका शिक्षकांचं प्रभुभोजन बंद करण्याचा ठराव झाला. कारण खरं होतं आणि ठराव योग्य होता. तो मीच लिहिला: 'पुढील निर्णय होईपर्यंत'. पुढे माझी बदली झाली, कमिटी बदलली, पाळक बदलले. पुढचा निर्णय घ्यायचा आहे हे कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही, आणि मास्तर स्वतः होऊन विचारणाऱ्यांतले नव्हते. अकरा वर्षांनी त्यांच्या मातीला गेलो तेव्हा कबरस्तानाच्या फाटकाशी दोन वडील हलक्या आवाजात विचारत होते, यांना आपल्या जागेत घ्यायचं ना, त्यांचं ते बंद होतं म्हणे? बंद का होतं हे त्या दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. ते तीन शब्द माझ्या हस्ताक्षरात अजून त्या बुकात आहेत. म्हणून वर म्हटलं की तुमच्या बुकात मुदत नसणार याची मला खात्री आहे.

आता तुम्ही काय करावं. पुढच्या बैठकीत दोन ठराव वेगवेगळे करा, एकाच ठरावात घालू नका. पहिला प्रभुभोजनाचा, तारखेसह, आणि ती तारीख महिन्याभरातली असू दे. मधले रविवार पाळकांनी त्यांच्याबरोबर बसावं, पुढच्या बाकावर. दुसरा पदाचा: आर्थिक कामात ते पुन्हा येणार नाहीत. हे त्यांना आधी, तोंडावर, स्पष्ट सांगा. पंचमांशाचं त्यांच्याशी बोला, आदेश म्हणून नव्हे. माझा अनुभव असा की अशी माणसं बहुधा हा विषय निघायची वाटच बघत असतात. तो कशाला वापरायचा हे त्यांनाच सुचवू द्या. मंडळीसमोर काय सांगितलं जाईल तेही त्यांच्याबरोबर बसून ठरवा, दोन-तीन वाक्यांत, आकडा लपवू नका आणि रंगवूही नका. आणि ज्यांनी त्या निधीत पोटाला चिमटा काढून पैसे घातले, त्या म्हाताऱ्या बायांकडे ते स्वतः जाऊन आलेत का, हे विचारा. गेले नसतील तर कुणीतरी बरोबर जा.

लेवीय 19 मध्ये, शेजाऱ्यावर प्रीती कर या वचनाच्या अगदी आधी आहे: मनात भावाचा द्वेष करू नको, त्याला उघड बोल. दोन वर्षांत त्यांच्याशी या विषयावर किती जण उघड बोलले? कमिटीने स्वतःच्या बाजूने ही चूक त्यांच्यापुढे कबूल करावी. त्याला कुणाच्या ठरावाची गरज नाही.

त्यांना ऑफिसात बोलावू नका. घरी जा. फोन करून जाऊ नका, कारण फोनवर ते 'कशाला त्रास घेता' म्हणतील आणि तुम्हाला तेवढंच निमित्त पुरेल. दोघं जा, त्यातला एक आखान वाचणाऱ्या गटातला असू द्या. त्यांच्या पत्नी घरी असतील अशा वेळी जा. दोन वर्षं त्याही त्याच मागच्या बाकावर बसल्या आहेत, आणि त्यांचं प्रभुभोजन तर कुणी बंद केलं नव्हतं.